अर्थ सांगण्याआधी: आठवी ते दहावीच्या वर्गात कविता आणि कथा शिकवू लागलेल्या शिक्षकांसाठी

माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्याच्या पहिल्या वर्षी मी प्रत्येक कविता एकाच पद्धतीने शिकवली. आधी कवीचा परिचय फळ्यावर लिहायचा, मग एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगायचा आणि शेवटी मध्यवर्ती कल्पना उतरवून द्यायची. वर्ग शांत असे, वह्या पूर्ण असत आणि घटक चाचणीत गुणही बरे पडत. वर्ष संपताना मी मुलांना सहज विचारले, की यंदाची कोणती कविता आठवते? त्यांनी कवितांची नावे सांगितली, एकाने तर एका कवितेची मध्यवर्ती कल्पना शब्दशः म्हणून दाखवली. पण कवितेची ओळ मात्र एकाच्याही ओठांवर आली नाही. मुलांनी कविता वाचलीच नव्हती. त्यांनी माझा अर्थ वाचला होता.

त्यानंतरच्या वर्षांत मी जे बदलले, ते येथे क्रमाने मांडत आहे. माझी शाळा पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक पट्ट्यात आहे आणि मुलांची मूळ गावे बीड, लातूर, जळगाव, बुलढाणा अशी दूरदूरची आहेत. काही घरांत हिंदी किंवा कन्नड बोलली जाते. तुमचा वर्ग वेगळा असेल, तर तपशील बदलावे लागतील. क्रम मात्र शक्यतो बदलू नये, कारण साहित्य शिकवताना बहुतेक वेळा बिघडतो तो क्रमच.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- पाठ्यपुस्तक, त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती आणि वार्षिक व घटक नियोजन.
- टाचण वही, म्हणजे पाठाची पूर्वतयारी लिहायची वही. तिच्यात प्रत्येक पाठासाठी उजवे पान कोरे सोडावे; त्याचा उपयोग शेवटच्या टप्प्यात सांगितला आहे.
- दोन कोश: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (सुधारित आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ पासून खंडशः प्रसिद्ध). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात, त्यामुळे शाळेत जाड खंड नसले तरी अडत नाही.
- ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक. ते १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात.
- कविता मोठ्या अक्षरांत आणि रुंद समास सोडून छापलेले कागद, प्रत्येक मुलासाठी एक.
- ग्रंथालयाच्या कपाटाची चावी आणि देवघेव नोंदवही. हे सर्वांत अवघड साहित्य आहे. अनेक शाळांत पुस्तके जडसंग्रहाच्या (शाळेच्या टिकाऊ मालमत्तेच्या) नोंदवहीत चढलेली असतात आणि एक पुस्तक हरवले तरी तपासणीच्या वेळी उत्तर द्यावे लागेल, या भीतीने कपाट वर्षभर बंद राहते. मुख्याध्यापकांशी जूनमध्येच बोलावे आणि पुस्तक फाटले किंवा हरवले तर काय करायचे, हे लेखी ठरवून घ्यावे.

छायाप्रतींविषयी एक खुलासा येथेच करते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संपली, की त्याचे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन भारतात सर्वांसाठी खुले होते. शिवाय प्रत्यक्ष अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने केलेल्या प्रतींना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. याचा अर्थ हयात लेखकाच्या संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावी, असा मात्र होत नाही.

१. आधी स्वतः मोठ्याने वाचा

गाईड उघडण्यापूर्वी, पाठाखालच्या कृती पाहण्यापूर्वी, कविता घरी तीन वेळा मोठ्याने वाचावी. जिथे जीभ अडखळते, जिथे श्वास कुठे घ्यावा हे कळत नाही, जिथे एखादा शब्द आपल्यालाच नीट ठाऊक नसतो, तिथे पेन्सिलीने खूण करावी. या खुणाच पुढे तुमच्या पाठाचा आराखडा ठरतात, कारण तुम्ही जिथे अडलात तिथेच मुले अडणार आहेत. ज्या कवितेत मला एकही खूण करावीशी वाटली नाही, ती कविता मी बहुतेक वेळा वाईट शिकवली आहे.

२. पहिली तासिका फक्त ऐकण्यासाठी ठेवा

समजा, तुम्ही बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता घेत आहात. ती तुमच्या इयत्तेच्या पुस्तकात नसली तरी पद्धत समजून घेण्यासाठी सोयीची आहे, म्हणून पुढेही तिचेच उदाहरण देते.

वर्गात गेल्यावर कवयित्रीचे नाव, जन्मसाल, पुस्तक यांतले काहीही सांगू नका. कागद वाटा आणि कविता वाचा. घाई न करता, अभिनयही न करता. थोडे थांबून पुन्हा वाचा. तिसऱ्यांदा एखाद्या मुलाला वाचायला सांगा. जळगाव किंवा बुलढाण्याकडचे मूल वर्गात असेल आणि त्याची स्वतःची इच्छा असेल, तर त्याला. मग मुलांना पाच मिनिटे शांतपणे कागदावर खुणा करू द्या: आवडलेल्या शब्दाखाली रेघ, न कळलेल्या शब्दाभोवती गोल.

नाव न सांगण्याची ही युक्ती जुनी आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींच्या नावांविना कविता वाचायला दिल्या, त्यांचे अभिप्राय लिहून घेतले आणि १९२९ साली त्यांवर पुस्तक लिहिले; चांगले शिकलेले विद्यार्थीही नाव झाकले की साधा अर्थ लावताना कसे गोंधळतात, हे त्यातून दिसले. आपल्या वर्गात मला याचा वेगळा फायदा दिसतो. ‘थोर कवयित्री’ असे आधी सांगितले, की कवितेविषयी काय म्हणायचे ते मुलांना लगेच समजते आणि ती कविता सुंदर असल्याचे न वाचताच सांगतात. नाव ठाऊक नसले, की ती विचारतात, ‘ही शुद्ध भाषेत का नाही?’ आणि तो प्रश्न कितीतरी अधिक मोलाचा असतो.

इथली चूक नव्या शिक्षकांकडून हमखास होते: तासिका ३५ मिनिटांची असते, वर्गात शांतता पसरते, आपल्याला ती रिकामी वाटते आणि आपण अर्थ सांगू लागतो. या पहिल्या तासिकेत अर्थ सांगायचा नाही. मुले विचारतील, ‘उद्या बोलू’ असे सांगून थांबावे.

३. शब्द घरी पाठवा

गोल केलेले शब्द फळ्यावर लिहून घ्या. या कवितेत ‘खोपा’, ‘उलूशी’, ‘तुले’ असे शब्द हमखास येतात. अर्थ देण्याऐवजी मुलांना घरी विचारायला सांगा: तुमच्या आजीकडे, शेजाऱ्यांकडे यासाठी कोणता शब्द आहे? दुसऱ्या दिवशी वर्गात जे जमते, ते कोणत्याही गाईडमध्ये सापडणार नाही. बुलढाण्याच्या एका मुलाची आई ‘तुले’ असेच म्हणते, हे त्याने आजवर कधी वर्गात सांगितले नव्हते, कारण त्या बोलण्याबद्दल त्याला हसले गेले होते. आता तोच शब्द छापील कागदावर होता. त्या दिवसापासून त्याने वाचायला स्वतःहून हात वर करायला सुरुवात केली.

बोलीतले शब्द ‘अशुद्ध’ म्हणून प्रमाण मराठीत बदलून लिहायला लावू नका. लेखनाच्या वेळी प्रमाण भाषा शिकवायची आहेच. पण कवितेतला ‘तुले’ बदलून ‘तुला’ केला की ओळीचा नाद मोडतो, हे मुलांना दोन्ही रूपे मोठ्याने म्हणून पाहिल्यावर आपोआप कळते.

त्यानंतर कोश उघडावा. ‘सुगरण’ हा शब्द ‘सुगृहिणी’ या संस्कृत शब्दापासून आला आहे आणि स्वयंपाकात निपुण असलेली बाई व विणकाम करणारा पक्षी या दोघांना मराठीत एकच नाव आहे, हे समजल्यावर कवितेचा अर्धा अर्थ वर्ग स्वतःच शोधून काढतो.

४. प्रश्न मुलांचे असू द्या

प्रत्येक मुलाने चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा, नाव न घालता. चिठ्ठ्या गोळा करून त्यांचे तीन गट करावेत: कोशात उत्तर मिळेल असे, कवितेतच उत्तर मिळेल असे आणि ज्यांचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही असे. तिसऱ्या गटातले प्रश्न घाबरवतात. माझा अनुभव असा, की खरा पाठ तिथेच होतो.

एका वर्षी एका चिठ्ठीवर लिहिले होते: ‘खोपा नर बांधतो. मग कवितेत ती का बांधते?’ प्रश्न बरोबर होता. सुगरण पक्ष्यात पावसाळ्याच्या सुमारास पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या आणि ताडाच्या पात्यांच्या चिरा काढून घरटे विणतो. मादी अर्धवट झालेली घरटी पाहते, त्यांतले एक पसंत करते आणि मग नर ते पुरे करतो. असाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मला तोंडी विचारला गेला होता. तेव्हा मी ‘कवितेत असे चालते’ एवढे म्हणून पुढे गेले होते. त्या उत्तराने मुलाला दोन चुकीच्या गोष्टी शिकवल्या: कवितेला खऱ्याखोट्याशी देणेघेणे नसते, आणि नीट पाहणाऱ्या माणसाने मराठीच्या तासाला गप्प बसावे.

या वेळी मी चिठ्ठी वर्गापुढे ठेवली आणि तीन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, कवितेत घरटे बांधण्याविषयी नेमके काय म्हटले आहे ते ओळीवर बोट ठेवून दाखवायचे. दुसरी, ‘ती’च्या जागी ‘तो’ घालून कविता म्हणून पाहायची. तिसरी, कविता शेवटी कोणाशी बोलते ते शोधायचे. दुसऱ्या कृतीत वर्ग अडला, कारण मराठीत ‘सुगरण’ हे नावच स्त्रीलिंगी आहे. भाषेनेच पक्ष्याला बाई केले आहे. तिसऱ्या कृतीत मुलांच्या लक्षात आले, की पक्ष्याच्या एवढ्याशा चोचीचे वर्णन केल्यावर कविता माणसाकडे वळते आणि त्याला दोन हातांची आणि दहा बोटांची आठवण देते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, त्यांनी पिलांना भरवायला आत-बाहेर करणारी मादी रोज पाहिली असेल. जी काम करताना दिसते तिनेच घर बांधले, असे त्यांना वाटले असेल.’ यावर एक मुलगा म्हणाला, की तसे असेल तर ही चूक फार प्रेमाने पाहणाऱ्याची आहे. ही दोन्ही वाक्ये मी टाचण वहीत तशीच उतरून ठेवली आहेत.

पक्षीशास्त्राने कविता खोटी पडली असे वर्गात कोणी म्हटले नाही, आणि कवितेसाठी पक्षीशास्त्र दडपावेही लागले नाही. अशा प्रश्नाला तुमच्याकडे तयार उत्तर असण्याची गरज नाही. ‘ओळ दाखव’ एवढी एक अट मात्र काटेकोरपणे पाळावी. तिच्यामुळे कोणीही काहीही अर्थ लावायचा, अशी अवस्था येत नाही.

५. आता लेखकाची माहिती द्या

एवढे झाल्यावर परिचय सांगितला, तर मुले तो अधाशासारखी ऐकतात. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या ओव्या रचत आणि त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी व एक आप्त त्या उतरवून ठेवत. १९५१ साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली.

ही माहिती पाठ करण्यासाठी देऊ नका. विचारा: लिहिता न येणाऱ्या व्यक्तीची कविता तिच्या लक्षात कशी राहत असेल? मग मुले पुन्हा कवितेकडे जातात आणि लहान ओळी, पुन्हा पुन्हा येणारे शब्द, जात्याच्या फेऱ्यासारखी लय त्यांना दिसू लागते. परिचयाने कवितेत काहीतरी नवे दिसले पाहिजे. तसे होत नसेल, तर ती माहिती वगळावी.

एक सापळा: तुकाराममहाराजांना गुरू मानणाऱ्या सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई वेगळ्या. इंटरनेटवरून माहिती उतरवताना मुले, आणि कधीकधी शिक्षकही, दोघींची सरमिसळ करतात.

६. अवघड साहित्य टाळू नका, पण तयारीशिवाय उघडूही नका

जात, भूक, हिंसा यांवरचे उतारे अनेक शिक्षक ‘स्थूलवाचन’ म्हणून घरी वाचायला सांगतात आणि सुटका करून घेतात. मीही केले आहे. माझ्या मते हा आपल्या विषयातला सर्वांत मोठा अन्याय आहे, कारण अण्णाभाऊ साठे यांच्या १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीपासून दया पवार यांच्या १९७८ च्या ‘बलुतं’ या आत्मकथनापर्यंत मराठीतले जे लेखन सर्वांत धीटपणे माणसाकडे पाहते, त्याच्याशीच आपण मुलांची भेट टाळतो.

तयारी अशी करावी. ‘बलुतं’मधला उतारा घ्यायचा असेल, तर आधी शब्द समजावून द्या: गावाच्या कामाच्या मोबदल्यात खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते. इतिहासाच्या आणि मराठीच्या तासांना बारा बलुतेदारांचे जे चित्र रंगवले जाते, त्यात गावगाडा एकमेकांच्या मदतीने सुरळीत चाललेला असतो. ते चित्र मुलांना फळ्यावर मांडू द्या. मग उतारा वाचा. मेलेली जनावरे ओढणे, निरोप पोचवणे, वेशीची राखण करणे आणि त्याबदल्यात शिळ्या भाकरीसाठी दारोदार हाक देणे हे ज्याच्या वाट्याला आले, त्याला तोच गावगाडा कसा दिसला, हे दोन चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आणि एक पथ्य, जे मोडले तर बाकी सर्व तयारी वाया जाते: वर्गातल्या कोणत्याही मुलाला ‘तुमच्याकडे असे होते का?’ असे विचारू नये. शिष्यवृत्तीच्या अर्जांमुळे कोणाचा प्रवर्ग कोणता, हे वर्गाला आधीच ठाऊक असते. तुमची नजर जरी त्या बाकाकडे वळली, तरी सगळ्यांच्या नजरा वळतात. कोणाला स्वतःहून बोलायचे असेल तर ते बोलेल, तेव्हा ऐकावे आणि त्याच्या बोलण्यावर तात्पर्य काढू नये. चर्चा उताऱ्यातल्या माणसाविषयी ठेवावी: त्याने हे कोणत्या वयात पाहिले, कोणत्या वयात लिहिले, आणि लिहिताना काय लपवले नाही? पालकांपैकी कोणी विचारणा केली तर उत्तर देता यावे, म्हणून उतारा निवडण्याचे कारण टाचणात लिहून मुख्याध्यापकांना आधी दाखवावे.

७. परीक्षा शेवटी, पण परीक्षा नक्की

‘असे शिकवत बसलो तर गुणांचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे आणि पालक तो विचारणारच. २०१८ पासूनच्या ‘कुमारभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकावर आधारलेल्या दहावीच्या कृतिपत्रिकेत (लेखी प्रश्नपत्रिकेत) ८० पैकी १६ गुण पद्य विभागाला आहेत आणि शंभरातले उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. आकलन कृती, काव्यसौंदर्य आणि रसग्रहण यांत ओळ दाखवून बोलण्याची सवय असलेल्या मुलाला अडचण येत नाही. उलट स्वमत लिहिताना त्याच्याजवळ खरोखरच मत असते. आराखडा बदलत राहतो, म्हणून दर जूनमध्ये मंडळाचा ताजा नमुना पाहावा.

रसग्रहण शिकवताना आशय, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे ठरलेले भाग मुलांना द्यावेत, पण भरलेला नमुना देऊ नये. एका वर्षी मी ‘ही कविता वाचून मन भारावून जाते’ या वाक्यावर वर्गात बंदी घातली. पहिले पंधरा दिवस मुलांना काय लिहावे ते सुचेना. नंतर एकाने लिहिले, ‘ही कविता वाचून मला माझ्या पत्र्याच्या खोलीची आठवण झाली, कारण ती पप्पांनी एका रविवारी एकट्याने बांधली.’ त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले आणि का दिले, ते त्याच्या परवानगीने वर्गाला वाचून दाखवले.

८. आठवड्यातून एक तासिका कपाटासाठी

ही तासिका वेळापत्रकात लिहून घ्यावी, नाहीतर ती गणिताला जाते. मुलांनी हवे ते पुस्तक घ्यावे, न आवडल्यास दहा पानांनंतर परत ठेवावे. पुस्तकाचा सारांश किंवा बोध लिहून मागू नये. तुम्हीही त्या वेळी वह्या तपासत बसू नका. मुलांसमोर वाचत बसा. ‘किशोर’चे जुने अंक येथे फार उपयोगी पडतात, कारण ज्याला कादंबरी जड जाते, तो चार पानांची कथा संपवतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

९. कोरे पान भरा

पाठ संपला त्याच दिवशी टाचण वहीच्या उजव्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: मुलांनी विचारलेला एक प्रश्न, आपले फसलेले एक वाक्य आणि पुढच्या वर्षी करायचा एक बदल. दोन-तीन वर्षांत ही वही कोणत्याही हस्तपुस्तिकेपेक्षा उपयोगी होते. खोप्याच्या कवितेच्या पानावर माझ्याकडे एक प्रश्न तीन वेगवेगळ्या वर्षी, तीन वेगळ्या मुलांच्या शब्दांत लिहिलेला आहे: पिल्ले उडून गेल्यावर खोप्याचे काय होते? मला सांगता आले नव्हते. म्हणून ती कविता पूर्वी मी दिवाळीनंतर घेत असे, ती आता नियोजनात जुलैमध्ये ठेवली आहे. त्या महिन्यात शाळेमागच्या ओढ्यावरच्या बाभळीवर खोपे विणले जात असतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पुन्हा तिथे जातो.